नळाचा न, बाणाचा ण

परवा फोनवर धाकटीने सांगितले, की तुमच्या शाळेत परीक्षा घेऊन हुशार मुलांचा वेगळा वर्ग काढला आणि तिचा त्यात नंबर लागला. मग थोरल्याने फोन घेतला आणि विचारले, "आजी, त्या परीक्षेत चुका झाल्या म्हणजे हुशारी नाही, असं असतं का?" मी "नाही" एवढेच म्हणाले. खरे उत्तर फोनवर मावणारे नव्हते, ते आता लिहिते. मी क्रमाने सांगेन, तुम्ही क्रमाने वाचा. एखादा शब्द अडला तर लगेच आईला हाक मारू नका, आधी स्वतः लावून पाहा. माणसांची नावे मी घालणार नाही. त्यांचीही नातवंडे आता मोठी झाली असतील, नावानिशी सांगायचे तर ते त्यांनी सांगावे.

युद्ध संपले होते, रेशन संपले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. तुमचे आजोबा प्रवरेच्या कालव्यावरच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि त्या पदवीचा त्या गावात कोणालाच काही उपयोग नव्हता. घरात दोन माणसे. स्वयंपाक नऊला उरकायचा आणि मग दिवस समोर उभा राहायचा. गावात लोकल बोर्डाची मुलींची शाळा होती, तिथे एक बाई कमी होती. मी जाऊन मुख्याध्यापिकेला भेटले. त्यांना सगळे गाव 'मोठ्या बाई' म्हणे. काळे काठ, पांढरे लुगडे, हातात छडी. छडी त्या मारण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त वापरत.

"पहिली घ्या," त्या म्हणाल्या. "तिथं इंग्रजी लागत नाही."

"पहिलीत मराठी तरी लागतं ना? तेही मला येतं," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी पहिलीची बाई झाले.

शाळेच्या दोन खोल्या आणि एक पडवी. पहिली पडवीत बसे. तलाठ्याच्या, दुकानदारांच्या, बागाईतदारांच्या, कारखान्यातल्या कारकुनांच्या मुली वर्षभर असत. दसरा झाला की पूर्वेकडून, पाथर्डी-शेवगावच्या कोरड्या भागातून, ऊस तोडणाऱ्यांच्या बैलगाड्या येत. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या, उभ्या राहत आणि चैत्रापर्यंत ते एक दुसरेच गाव होई. त्या गावातल्या मुली शाळेत फारशा येत नसत. ज्या येत त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. फडात ऊन असते, पडवीत सावली असते, म्हणून आई त्यांना पाठवी.

त्यातलीच ही मुलगी. दहा-अकरा वर्षांची, उंच, काटक, केसांना तेल नाही, मांडीवर धाकटी बहीण. पहिलीतल्या चिमुरड्यांत ती खांबासारखी दिसे. तिचा तो पहिलीतला तिसरा हंगाम होता. वार्षिक परीक्षा व्हायच्या आत गाड्या परत जात, त्यामुळे तिचे नाव पटावरून निघे आणि पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा पहिलीतच लागे. तिला काय येते आणि काय येत नाही हे कोणी एकदाही तपासलेले नव्हते. मोठ्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवले होते, "तिच्यावर वेळ घालवू नका. ढ आहे."

पडवीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. मी अक्षरावर छडी ठेवायची, मुली ओरडायच्या, न नळाचा, ण बाणाचा. एक दिवस सगळ्या ओरडून गप्प झाल्यावर ही मुलगी उठून तक्त्याजवळ आली.

"बाई, ह्यो बानच हाय ना?"

"हो, बाण."

"मंग बानाला बी नळाचाच न लागतोय की. ह्यो दुसरा कशाला काढलाय?"

मुली हसल्या. तलाठ्याची मुलगी तिसरीत होती, ती आतल्या खोलीच्या दारातून म्हणाली, "बाई, ती बान म्हणते, बान!" आणि पुन्हा सगळ्या हसल्या. ही हसली नाही, रागावलीही नाही. उत्तरासाठी उभी राहिली.

आता तुम्हाला समजावून सांगते. त्या भागातल्या घरांत ण नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन, आणि म्हणजे आन. त्यात काही वाईट नाही. त्यांच्या घरात तो आवाज नाही, एवढेच. पण शाळेत अक्षरे दोन आहेत. ज्या मुलीच्या कानाला आवाज एकच येतो, तिला दोन अक्षरे कशाला, हा प्रश्न पडायलाच हवा. त्या पडवीत तसल्या घरच्या किती मुली आल्या आणि गेल्या. सगळ्या 'ण बानाचा' असे ओरडून खाली बसल्या होत्या. विचारले हिने.

त्या दिवशी मी "बाण, बाण" असे सावकाश म्हणून दाखवले. तिने कान लावून ऐकले आणि म्हणाली, "येकच लागतंय." पुढे शिकवायचे होते, मी तिला बसायला सांगितले.

काही दिवसांनी मी पाटीवर शब्द घातले. नदी, नाव, नाक, मन, वन, पान, असे सोपे. तिच्या पाटीवर होते: णदी, णाव, णाक, मण, वण, पाण. मोठ्या बाई नेमक्या तेव्हाच फेरीला आल्या. त्यांनी पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ण कसला शिकवताय तिला? सांगितलं ना तुम्हाला, ढ आहे ती."

"बाई," मी म्हणाले, "तक्त्यात ढच्या पुढचं अक्षर ण हेच आहे. एकाच घराचं अंतर आहे."

त्यांना हसू आले, ते त्यांनी पदराआड केले आणि आत गेल्या. मी ती पाटी पुसू दिली नाही. मांडीवर घेऊन बघत बसले. ज्या मुलीला दोन अक्षरांतला फरक कळत नाही ती कुठे हे लिहील, कुठे ते लिहील. हिच्या पाटीवर न एकही नव्हता. एकसुद्धा चुकून राहिला नव्हता.

"सगळीकडे ण का काढलास?" मी विचारले.

"तुमी लोक ण बोलता. आमी न बोलतो. शाळंत तुमचं चालतं. मंग समदे ण."

थोरल्या, हे वाक्य दोनदा वाच. तिने नियम केला होता. नियम चुकीचा होता, पण तो तिने दोन्ही बाजूंची माणसे ऐकून, शाळेत कोणाचे चालते हे बघून, आपल्या डोक्याने केला होता आणि मग न कंटाळता सगळ्या शब्दांना लावला होता. गुण द्यायचे तर शून्य. पण चुका मोजून थांबायचे नसते, त्या वाचायच्या असतात. मला तेव्हा शिकवण्याचा अनुभव काडीचाही नव्हता, तरी ही मुलगी ढ नाही हे मला त्या क्षणी कळले आणि त्याबद्दल माझ्या मनात पुन्हा कधी शंका आली नाही.

"मी नदी म्हणते," मी तिला म्हणाले. "कानाने नको, डोळ्याने बघ."

ती अगदी नाकाशी नाक लावून बसली. "म्हना."

"नदी."

"जीभ दाताला लागली."

"बाण."

"न्हाई लागली. कुटं गेली?"

"वर वळली. टाळूला. आता तू वळव."

तिने वळवली. पहिल्यांदा नुसता घशातून आवाज आला, मग ड आला, मग एकदम स्वच्छ ण आला. ती स्वतःच दचकली. मांडीवरच्या धाकटीने तो ऐकून टाळ्या पिटल्या. त्यानंतर सगळी पहिली जिभा वळवून बघू लागली. संध्याकाळी तुमचे आजोबा कारखान्यातून आले ते हसतच.

"आमचे हेडक्लार्क विचारत होते, तुमच्या बाई शाळेत नक्की काय शिकवतात? त्यांची मुलगी घरभर जीभ काढून दाखवत फिरतेय."

"त्यांना सांगा, ण शिकवते," मी म्हणाले.

"त्याला इंग्रजीतली बी. ए. लागते वाटतं?"

"लागते. माझ्यासारखीला जरा जास्तच."

त्या दिवसापासून त्या मुलीला तोंडे बघायचा नादच लागला. बेलापूरच्या बाजाराला आईबरोबर गेली तरी भाजी सोडून लोकांच्या तोंडाकडे बघत उभी राही. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगे. तलाठ्याचे दोन आहेत. किराणावाल्याचे दोन आहेत पण घाईत एकच होतो. कोतवालाचा एकच. शाळेतली बातमी तिने माझ्या कानात सांगितली, "मोट्या बाईचं दोन हायेत, पर रागावल्या की येकच ऱ्हातोय." मी लक्ष देऊन ऐकले. खरेच होते. मोठ्या बाईंचे माहेर कुठल्या बाजूचे हे मला त्यावरून कळले, पण मी ते कधी त्यांच्याकडे काढले नाही.

अक्षरांचा गुंता सुटला तशी ती वाचू लागली. संक्रांतीच्या सुमाराला पहिलीचे पुस्तक, मग दुसरीचे, मग आतल्या खोलीतून मागून आणलेले तिसरीचे, असे तिने संपवले. हिशेबात ती आधीच पुढे होती, फक्त कोणी विचारले नव्हते. मी तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास ठेवून घेई. धाकटी बहीण माझ्या पिशवीशी खेळे. एक दिवस पुस्तक मिटून ती म्हणाली,

"बाई, ण कदीच म्होरं उभा ऱ्हात न्हाई."

"म्हणजे?"

"शब्दाच्या तोंडाला. मदी हाय, शेवटाला हाय. तोंडाला कुटंच न्हाई. तिन्ही बुकं बगितली."

मी विचार केला. एकही शब्द सापडला नाही. मला हे कोणी शिकवले नव्हते, आणि मी ते कधी पाहिलेही नव्हते. घरी गेल्यावर शब्दकोश काढला. ण च्या जागी अक्षराची ओळख होती, पण धड वापरातला शब्द नव्हता. मला फार आनंद झाला. तो मी तुमच्या आजोबांना जेवताना सविस्तर सांगितला आणि त्यांनी तो भाजीबरोबर ऐकून घेतला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नगरला मुलींचे एक बोर्डिंग होते. खेड्यांतल्या मुलींसाठी तिथे काही माफीच्या जागा असत. राहणे, जेवण, शिक्षण, सगळे फुकट. आमच्या शाळेतून त्या वर्षी एक मुलगी घेणार होते. शाळा तपासायला वर्षातून एकदा सरकारी साहेब येत, त्यांना सगळे दिपोटी म्हणत. निवड तेच करणार होते. मोठ्या बाईंनी तलाठ्याच्या मुलीचे नाव धरले होते. मी माझ्या मुलीचे नाव सांगितले.

"हंगामी पोरगी," मोठ्या बाई म्हणाल्या. "गाड्या वळल्या की गेली."

"म्हणून तर आत्ता बसवायला हवी. पुढच्या दसऱ्याला ती येणार नाही."

"का बरं?"

हे मला मुलीनेच सांगितले होते, पाऊस येईल म्हणावे तशा आवाजात. मामाच्या गावाकडचे लोक तिला बघून गेले होते. वैशाखात लग्न. मग पुढच्या हंगामाला ती दुसऱ्या कोणाच्या गाडीतून दुसऱ्या कुठल्या तरी फडावर जाणार आणि तिच्या हातात पुस्तकाऐवजी कोयता असणार. जागा मिळाली तर हे थांबण्याची काही तरी शक्यता होती. नाही मिळाली तर काहीच नव्हती.

मोठ्या बाईंनी हातातली छडी खाली ठेवली. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. "दोघींना बसवा," त्या म्हणाल्या. "साहेब बघतील काय ते."

दिपोटी आले. भरघोस मिशा, काळा कोट, गालात सुपारीचे खांड. दोघी मुली पाट्या घेऊन बसल्या, बाकीची शाळा मागे दाटीने उभी राहिली. साहेबांनी पाठीमागे हात बांधले आणि येरझाऱ्या घालत शुद्धलेखन सांगायला सुरुवात केली. "वनात एक जुने देऊळ होते. तेथील पाणी कोणी आणीत नसे..." 

तलाठ्याची मुलगी खाली मान घालून लिहीत होती. माझी मुलगी लिहीत नव्हती. साहेब डावीकडे गेले की ती डावीकडे वळे, उजवीकडे गेले की उजवीकडे. साहेब वळून पाठमोरे झाले तशी ती गुडघ्यांवर उठली आणि वाकून त्यांच्या पुढच्या बाजूला डोकावू लागली. वाटेत तलाठ्याच्या मुलीची पाटी होती.

"ए मुली!" साहेब ओरडले. "दुसरीच्या पाटीत बघतेस?"

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

"पाटीत न्हाई बगत," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडं बगती."

"माझ्या तोंडाकडे? काय आहे माझ्या तोंडात?"

"त्येच दिसंना. वरून मिशी हाय आन् आत सुपारी हाय."

सगळी शाळा फुटली. मोठ्या बाईंनी छडी आपटली तरी हसू थांबेना. साहेब लाल झाले. मला वाटले, संपले. पण ती मुलगी थांबली नव्हती. तिला त्यांची थट्टा करायचीच नव्हती, तिला अडचण होती आणि ती ती सांगत होती.

"सायेब, सुपारी काडून म्हना की. तुमचा न आन् ण येकच लागतोय."

"आणि तुमच्या घरी काय लागतो गं?" साहेबांनी टोमणा मारला.

"आमच्या घरी बी येकच. पर तुमच्या घरी दोन हायेत ना? मंग दोन म्हना."

साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी पुढे होऊन सगळे सांगितले. तक्ता, 'समदे ण' ची पाटी, जीभ. मोठ्या बाईंकडून साक्ष काढली. ती पाटी कधीच पुसली गेली होती, माझ्याकडे दाखवायला काही नव्हते, त्यामुळे जे होते ते त्या मुलीच्या डोक्यातच होते आणि साहेबांनी ते तिथूनच काढून घ्यावे असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते दारापर्यंत गेले, सुपारी थुंकली, चूळ भरली आणि मुलीसमोर येऊन बसले.

"सांग. ण ने सुरू होणारा शब्द सांग."

"न्हाई."

"येत नाही?"

"न्हाईच तसला शब्द. ण म्होरं उभा ऱ्हात न्हाई."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांना हसू आले. "चूक," ते म्हणाले. "आम्ही जैन. आमच्या घरात रोज सकाळी पहिला शब्दच ण ने सुरू होतो. णमो."

ती मुलगी उभीच राहिली. तिने तो शब्द आपल्या तोंडात म्हणून पाहिला, जीभ वळवून. "णमो. णमो." आणि मग ती माझ्याकडे वळून ओरडली, "बाई, येक घावला! येक घावला!"

"अगं, तुझा नियम मोडला," साहेब म्हणाले.

"व्हय! पर घावला ना! कुटल्या बुकात हाय त्यो? मराटी हाय?"

"प्राकृत आहे. जुनी भाषा."

"मंग तिच्यात आजून आसतील." आणि तिने त्यांना तिथल्या तिथे विचारायला सुरुवात केली, की त्या जुन्या भाषेत ण कुठे कुठे असतो, आणि मराठीत येताना तो मागे का सरकला. साहेबांना उत्तर येत नव्हते आणि त्यांनी ते कबूल केले.

शुद्धलेखन पुन्हा घेतले. न आणि ण तिचे सगळे बरोबर आले, ऱ्हस्व-दीर्घाचा मात्र पार चुराडा होता. तलाठ्याच्या मुलीची पाटी स्वच्छ होती. साहेब दोन्ही पाट्या समोर ठेवून बसले.

"हिला नियम दाखवला की ती तो लावते," मी म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घाचा अजून कोणी दाखवलेला नाही. गाड्या वळायच्या आत मी दाखवीन."

"बाई, ते मला दिसतंय," ते म्हणाले. "आपला नियम मोडल्यावर इतकं खूश झालेलं पोर मी दुसरं पाहिलं नाही. हिलाच घेतो. तलाठ्यांना मी सांगेन. त्यांच्या मुलीला ते स्वतः पुण्याला ठेवू शकतात."

मोठ्या बाई एवढेच म्हणाल्या, "बोर्डिंगात दोन परकर-पोलकी लागतील. ती मी शिवते."

पण जागा मिळाली म्हणजे मुलगी मिळाली असे नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोप्यांवर गेले. मुलीचा बाप बैलांना पाणी दाखवत होता. मी काय म्हणते ते त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "तिच्या आयला इचारा." आई कोपीच्या तोंडाशी बसून कोयत्याला धार लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"आन् ल्हानीला कोन घेईल?"

"इथं असाल तेव्हा शाळेत मी घेईन. ती आत्ताच रोज माझ्याजवळ असते."

"गावाकडं?"

"गावाकडं तिची आजी आहे. मुलीनं सांगितलंय मला."

"समदंच सांगितलंय भवानीनं!" ती मुलीकडे बघून म्हणाली. "आन् लगीन? शब्द दिलाय आमी."

"मुलगी शिकतेय, थांबा, असं सांगा. थांबले तर ठीक, नाही थांबले तर दुसरी माणसं मिळतील."

"तुमाला सोपं हाय बोलाया."

"सोपं नाही. पण मी बोलतेय, कारण तुम्हाला हे कोणी दुसरं येऊन सांगणार नाही. हिच्यासारखी मुलगी मी पुण्यातसुद्धा पाहिलेली नाही."

आईने धार लावायची थांबवली. मग कोयता खाली ठेवला. लग्न, धाकटी, हे सगळे बाजूला सारून तिने जे मनात होते ते काढले.

"बाई, नगराला ऱ्हाईल. दिवाळीला यील आन् मला म्हनंल, आये, पानी न्हाई म्हनू, पाणी म्हन. कोन न्हाई, कोण. मपल्याच पोटची पोर मपल्या बोलन्याला हसंल. त्ये मला सोसायचं न्हाई."

मी काही बोलणार तेवढ्यात मुलगी ओरडली, "आये! तुला येतंय की!"

"काय येतंय?"

"ण! आत्ता म्हनलीस की! पाणी, कोण! जीभ वळली तुपली, म्या बगितली!"

मलाही तेव्हाच कळले. तिने चेष्टेत म्हटला होता, पण माझ्यापेक्षा स्वच्छ म्हटला होता.

"येतंय तर," आई म्हणाली. "धा वरसं तुमचं गाव ऐकती. म्या काय बहिरी हाय? पर म्या कशाला बोलू? मपल्या घरात मपलं बोलनं."

"मंग म्या बी तसंच करीन," मुलगी म्हणाली. "तितं त्यांचं, हितं आपलं. तुला येऊन तू बोलत न्हाईस, मला बी येईल आन् म्या बी बोलनार न्हाई."

आईने तिच्याकडे असे बघितले, की एवढी मोठी कधी झाली ही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, बोर्डिंग कदी उगडतंय?"

"जूनमध्ये."

"आमच्या गाड्या चैतात जानार. गावाकडं नेली तर वैशाखात समदे मिळून बोहल्यावर चढवतील, मपलं काय चालनार न्हाई. म्हंजी हितंच ठेवावी लागंल." ती जरा थांबली. "तुमच्या चुलीपाशी चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले. "चूल माझी आहे."

"मालकांना इचारा आदी."

"मालकांना मी सांगते. विचारत नाही."

ती पहिल्यांदा हसली. "मंग ठेवा. पर सुट्टीला आली आन् नाक वर करून बोलली, तर तुमच्याच दारात आनून टाकीन. मंग तुमीच सांबाळा जलमभर."

चैत्रात गाड्या गेल्या. धाकटी आईच्या मांडीवरून हात हलवत राहिली. मुलगी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि गाड्या दिसेनाशा होईपर्यंत हलली नाही. मग घरी आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तुमच्या आजोबांनी तिला "ये गं, बस" म्हटले आणि आपला पाट तिच्याकडे सरकवला. मला सांगायचे होते ते सांगायची गरज पडली नाही.

ती पुढे नगरला शिकली, मास्तरीण झाली, आणि ज्या मुलांची नावे पटावरून निघतात त्यांना शोधत सुट्टीच्या दिवशी कोप्यांवरून फिरली. तुमच्या आईला बाराखडी तिनेच शिकवली, हे कदाचित आईने तुम्हाला सांगितले नसेल. विचारा.

जूनपर्यंत ती आमच्याकडे होती. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही रोज सकाळी करत होतो. ते जमू लागल्यावर तिने माझ्या कपाटातल्या पुस्तकांकडे बोट दाखवले.

"बाई, ही इंग्लिश बुकं?"

"हो."

"इंग्लिशीत न किती हायेत?"

मी असा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. बोटांवर अक्षरे मोजली आणि म्हणाले, "एकच आहे."

"येकच?" ती मनापासून खूश झाली. "म्हंजी गोरे सायेब लोक आमच्यावानीच की! काडा मंग ते बुक."